भोंग्याचं माप

माझ्या हातून आजवर एकच राक्षस मेला आहे, आणि तोही लढाईत नाही. मी त्याला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली फेकला. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, दहावीचा निकाल हातात होता आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. डोकं ठिकाणावर नसणं ही माझी जुनी खोड आहे. ऑफिसातले लोक तिला ‘शर्मिला मॅडमचा स्वभाव’ म्हणतात. घरचे काही म्हणत नाहीत, नुसते दुसऱ्या खोलीत जातात.

राक्षसाचं नाव होतं भोंगा. तो माझ्या वडिलांनी, म्हणजे बाबुरावांनी, आमच्या घरच्या खेळासाठी केला होता. बाबा हडपसरजवळच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडी वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि जी पोकळी उरेल तिच्यात वितळलेलं बीड ओतायचं. त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात. बाबांनी तीस वर्षं पॅटर्न केले. पंपांची घरं, मोटारींच्या बैठका, कसकसली चाकं. आणि घरी येताना डब्याच्या पिशवीत लाकडाचे उरलेले तुकडे.

त्या तुकड्यांतून रामटेकडीच्या आमच्या दोन खोल्यांत एक खेळ उभा राहिला. खोक्याच्या फळ्यांचा मोठा चौरस पट, त्यावर कोरलेल्या वाटा आणि मधोमध एक गोल भोक. त्या भोकात भोंगा बसायचा. बाकीच्या सोंगट्या बोटाच्या पेराएवढ्या आणि हा दीड वीत उंच. खाली रुंद धड, वर निमुळतं, बाजूंना दोन आखूड हात. त्यावर कागदाच्या लगद्याचं डोकं, डोक्याला बेअरिंगच्या गोळ्यांचे सात डोळे आणि तोंडाच्या जागी रॉकेलचं जुनं नरसाळं. फाउंड्रीचा भोंगा वाजला की जशी सगळी रामटेकडी हातातलं काम टाकून वर बघायची, तसंच याच्याकडे बघितलं जावं म्हणून त्याचं नाव तेच.

खेळ असा. आम्ही सगळ्यांनी मिळून वाटांवरून काळे लाकडी कोळसे गोळा करायचे आणि एकेक करून भोंग्याच्या नरसाळ्यात टाकायचे. नऊ कोळसे पोटात गेले की भोंगा झोपतो, आपण जिंकलो. पण भोंग्याकडेही एक फासा असतो. त्याला सहा पडले की तो वाजतो आणि सगळ्यांच्या सोंगट्या हातातल्या कोळशासकट घरी परत. भोंगा नेहमी बाबा खेळायचे. आणि वाजायचे ते खरोखर वाजायचे, “भोंऽऽ” करून, इतकं की शेजारचे हिंमतराव भिंतीवर थाप मारायचे. आई, म्हणजे सुंदराबाई, एरवी कुणाचा दाणाही न घेणारी बाई, खेळात मात्र दोन कोळसे पदरात बांधून ठेवायची. पकडली गेली की म्हणायची, “पोरांसाठी केलं.” रविवारी दुपारी मटणाचं जेवण झालं की पट पडायचा. मी, धाकटा भाऊ धम्मदीप, आई आणि चाळीतलं जे मूल दारात उभं असेल ते. तितकी सुखाची दुपार मला पुन्हा भेटली नाही. आता रविवार येतात, पण ते कपडे इस्त्रीला देण्यासाठी येतात.

एकदा मी बाबांना विचारलं होतं, की कॅलेंडरातल्यासारखा शिंगं, सुळे आणि मोठ्या मिशा असलेला राक्षस का नाही केला. त्यांनी हिंमतरावांकडचं कॅलेंडर मागून आणलं आणि माझ्या पुढ्यात धरलं. “याचा रंग बघ. नाक बघ. केस बघ. आता आरशात बघ, मग तुझ्या आजोबांच्या फोटोकडे बघ.” मी बघितलं. “दुसऱ्यानं काढलेला राक्षस आपण कशाला घरी आणायचा?” ते म्हणाले. “आपला राक्षस कुणासारखाच दिसणार नाही.” म्हणून भोंगा कुणासारखाच दिसत नव्हता.

आता तो मेला कसा ते सांगते. मला पॅटर्न करायचे होते. सुट्टीच्या दिवशी बाबा शॉपमध्ये न्यायचे तेव्हा तो देवदार लाकडाचा वास, रंधा, वळणदार पटाश्या आणि मिलिमीटरच्या चुकीवरून होणारी भांडणं बघून मी ठरवून टाकलं होतं. दहावीला बरे मार्क पडले. मी म्हटलं, आयटीआयला जाते, पॅटर्नमेकिंगला. बाबा म्हणाले, “नाही. ते धम्मदीपला शिकवीन. तू कॉलेजला जा. तू खुर्चीत बसायचंस.” मी विचारलं, का? ते म्हणाले, “नाही म्हटलं ना.” समोर पट मांडलेला होता. मी भोंगा उचलला, गॅलरीत गेले आणि फेकला.

खाली नळाशी बायका होत्या. कुणाला लागलं नाही हे नशीब. भोंग्याच्या मात्र चिंधड्या झाल्या. बाबा जिने उतरून गेले, एकेक तुकडा वेचला, सातही डोळे शोधून आणले आणि सगळं एका पोत्यात घातलं. मला एक शब्द बोलले नाहीत. ते पोतं त्यांनी माझ्या खाटेखाली ठेवलं आणि शेजारी सरसाचं डबडं आणि ब्रश. मला वाटलं, टोमणा आहे, रोज झोपताना तुझा पराक्रम बघ. मी ते पायाने आत ढकललं. पुढे एका हिवाळ्यात आईने त्यातलं लाकूड बंबात घातलं. भोंगा पुन्हा झाला नाही, पट पुन्हा पडला नाही. त्या घरात त्यानंतर भांडण झालं नाही की समेटही झाला नाही, नुसते रविवार बंद पडले.

मी कॉलेजला गेले, सरकारी खात्यात लागले, खुर्चीत बसले. ज्याला शिकवायचं होतं तो धम्मदीप विमा कंपनीत गेला. तो भिंतीत खिळा ठोकायलाही माणूस बोलावतो आणि माणूस आला की त्याला चहा देऊन सूचना करतो.

*

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे वारज्याला आले, त्याला दोन वर्षं झाली. घरात मी, माझी मुलगी सोनाली आणि बाबा. माझे मिस्टर बदलीवर नागपूरला असतात आणि बदली त्यांना चांगली मानवली आहे. बाबा ऐंशीचे. कान तिखट, जीभ त्याहून तिखट, पण डोळे चालले आहेत. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजतोय. समोर बघतील ते पुसट होत जाईल, कडेचं दिसत राहील. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, वर्षभर धरा, कमीही असेल. तेव्हापासून बाबा माणसाकडे बघताना मान तिरकी करतात. पेपर बंद झाला. दुपारभर बाल्कनीत बसून असतात, हात मांडीवर पालथे टाकून. त्या हातांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

सोनाली आयटीत आहे. एका शनिवारी तिचे मित्रमैत्रिणी आले आणि हॉलभर पसरून कसलासा खेळ खेळत बसले. पटावर छोटे छोटे राक्षस, थ्रीडी प्रिंटरवर काढलेले. सोनालीने एक आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो चिमटीत धरला, मान तिरकी केली, बोट फिरवलं.

“हा राक्षस?”

“हो आजोबा, हा बॉस आहे. सगळ्यात डेंजरस.”

“एवढासा? याला डास चावला तरी मरेल.” पोरं हसली. बाबांनी तो परत दिला आणि हळूच म्हणाले, “आमचा भोंगा दाखवायला हवा होता तुम्हाला. आता कुठला दिसायला.”

ते पोरांना म्हणाले. मी स्वयंपाकघरात होते. पोह्यांवर कोथिंबीर घालता घालता ऐकलं. चौतीस वर्षांत ते नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

रात्री सोनालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मम्मी, सिंपल आहे. तू स्केच दे, मी मॉडेल करून प्रिंट मारते. टू डेज.” मी म्हटलं, नाही. तिने विचारलं, का? मी म्हटलं, “नाही म्हटलं ना.” आणि माझ्याच तोंडून बाबांचा आवाज ऐकला.

भोंगा मीच करणार होते. बाबांना दिसतंय तोवर. त्यांनी तो बघावा आणि बरा की वाईट काय ते बोलावं, एवढंच मला हवं होतं.

पट हडपसरपलीकडे मांजरीला, धम्मदीपच्या घरी होता. फोन केला. म्हटलं, भोंगा करतेय, पट आहे का टाकलास? तो म्हणाला, “आहे की. गच्चीवर पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलाय.”

“भोक असलेला पट झाकण म्हणून?”

“भोकावर ताट ठेवलंय.” मग म्हणाला, “ताई, तू भोंगा करणार? फेकायला?”

मी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि भोकाचं माप घ्यायला सांगितलं. त्याने घरातल्या टेपने तीनदा मोजून सांगितलं, दोनशे बारा मिलिमीटर. म्हणजे बैठक दोनशे अकराची करायची, की सहज बसेल.

बाबांची हत्यारांची पेटी माझ्या माळ्यावर होती. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की सोसायटीच्या मागच्या शेडमध्ये जायचं, वॉचमनची परवानगी आधीच काढली होती. बाबांना सांगायचं, ‘योगाच्या क्लासला जाते.’ ते म्हणायचे, “जा. वाकायला शिक थोडं.” पेटीत पटाश्या होत्या, कंपास होता, स्टीलची लांब पट्टी होती. पट्टीच्या कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी कोरलेलं होतं, झिजलेलं. ते मी कंपनीचं नाव समजले. बाबांची पट्टी हातात घेतल्यावर मला जरा भरून आलं. प्रत्येक माप तिनेच घ्यायचं असं ठरवलं.

लाकडाची कडी कापून, एकावर एक चिकटवून धड केलं. खाली रुंद, वर निमुळतं. डोळे मिटले की मला तो दिसायचा. डोक्यासाठी पेपर भिजवून लगदा केला आणि त्यात मेथीचं पीठ घातलं, बाबा घालायचे तसं, म्हणजे कीड लागत नाही. सोनाली म्हणाली, घरात लाडवांसारखा वास येतोय. नरसाळं तुळशीबागेत मिळालं. बेअरिंगच्या गोळ्यांसाठी एका गॅरेजवाल्याकडे गेले, तर त्याने विचारलं, “कुठल्या गाडीला लावायच्या?” मी म्हटलं, राक्षसाला. त्याने न बोलता सात मोजून दिल्या आणि आत निघून गेला.

दोन महिने लागले. हाताला तीन ठिकाणी पटाशी लागली, पण हात ऐकत होता. सोळाव्या वर्षी मला वाटलं होतं ते खोटं नव्हतं, मला हे जमलं असतं. त्या शेडमध्ये एकटीला हे कळलं तेव्हा आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकदम.

*

रविवारी धम्मदीप गाडीच्या टपावर पट बांधून आला. मटण झालं होतं, जेवणं झाली. मग पट हॉलमध्ये ठेवला. बाबांनी त्याच्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, “हा कशाला आणला? टाकी उघडी पडली असेल.” म्हणजे पट कुठे होता ते त्यांना ठाऊक होतं. मी आतून भोंगा आणला. बाबांनी मान तिरकी केली. सात डोळे खिडकीच्या उजेडात चमकत होते. ते काही बोलायच्या आत मी तो भोकावर ठेवला आणि दाबला.

बसला नाही.

फिरवून बघितला. पुन्हा दाबला. काठावर अडकून राहिला. धम्मदीपने टेप काढून भोक मोजलं. “दोनशे बाराच आहे, ताई. मी बरोबर सांगितलं होतं.”

“मी दोनशे अकरा कापलंय!”

“मग बसत का नाही?”

दोन महिने, तीन जखमा आणि बाबांच्या समोर, धम्मदीपच्या समोर, नेमकं माप चुकलं. पॅटर्नमेकर व्हायला निघाली होती! अंगात आग उठली. मी भोंगा उचलला आणि बाल्कनीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. सोनाली “मम्मी!” म्हणून ओरडली. धम्मदीप खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

बाबा जागेवरून हलले नाहीत. “खाली पार्किंग आहे,” ते शांतपणे म्हणाले. “कुणाची गाडी आहे ते बघून फेक. सोसायटीचे सेक्रेटरी पत्र पाठवतात.”

माझा हात खाली आला. हसू का रडू कळेना.

“इकडे आण,” ते म्हणाले. मी भोंगा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. जोडांवरून, कडांवरून, बैठकीच्या काठावरून. मांडीवर पालथे पडून राहणारे हात हे नव्हतेच. मग त्यांनी विचारलं, “कुठल्या पट्टीनं मापलंस?”

“तुमच्या. पेटीतल्या स्टीलच्या.”

बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात.

“अगं, ती श्रिंकेजची पट्टी! बीड गार झालं की आकसतं. शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. मग प्रत्येक वेळी हिशेब कोण करणार? म्हणून पट्टीच तशी करतात, तिचा प्रत्येक मिलिमीटर किंचित मोठा असतो. तुझं दोनशे अकरा म्हणजे खरं दोनशे तेरा.”

“म्हणजे तुम्ही भोंगा तिने नव्हता मापला?”

“घरातल्या लाकडी खेळाला ती कशाला? भोंगा मी तुझ्या दप्तरातल्या फूटपट्टीनं मापला होता.”

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. म्हटलं, “चुकलं माझं.” पट्टीबद्दल म्हणत होते, पण एकदा तोंडून निघाल्यावर ते तेवढ्यावर थांबलं नाही. “तेव्हाही चुकलं. तुम्ही काही बोलला नाहीत, भोंगा पुन्हा केला नाहीत. मला वाटलं, तुम्ही कधी माफच केलं नाही.”

बाबांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. “मी कसा करणार? आमच्या शॉपचा नियम होता. पॅटर्न ज्याच्या हातून फुटला त्यानेच जोडायचा. दुसऱ्याने जोडून दिला, तर त्या माणसाचा हात कायमचा भितो. म्हणून पोतं तुझ्याकडे दिलं.”

“मग सांगायचं ना!”

“सरस ठेवला होता की शेजारी.”

“सरस ठेवला म्हणजे सांगितलं?”

“आमच्याकडे तेवढंच सांगायचे,” बाबा म्हणाले. “मी वाट बघत होतो, शर्मे. मग सुंदरानं ते बंबात घातलं. मला वाटलं, तुला नकोच असेल.”

चौतीस वर्षं मी त्यांची वाट बघत होते आणि ते माझी. मध्ये सरसाचं एक डबडं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, चांगली मोठ्याने रडले. धम्मदीप आणि सोनाली दुसऱ्या खोलीत गेले. या वेळी त्यांचं बरोबर होतं.

“तुला शिकवलं नाही, कारण मला वाटलं, तुझ्या छातीत तो भुसा नको,” बाबा म्हणाले. “पंख्याखाली खुर्ची मिळावी. मिळाली ना?”

“मिळाली.”

“कशी आहे?”

“पाठ दुखते.”

ते पुन्हा हसले. मी डोळे पुसून उठले आणि म्हटलं, काठ घासून देते, अर्ध्या तासात बसेल. बाबांनी भोंग्यावरचा हात काढला नाही.

“घासायचा नाही. माप बरोबर आहे. लाकडाच्या भोंग्यासाठी चुकलंय, पण हा भोंगा नाहीच. हा पॅटर्न आहे. तू पॅटर्न केलास.” त्यांनी धडावर दोन टिचक्या मारल्या. “हा बिडात ओतायचा. एकदा बिडाचा झाला की पुन्हा कुणी फेकून दाखवावं.”

*

पुढचे पाच आठवडे बाबांनी मला राबवून घेतलं. योगाचा क्लास बंद झाला, शेडमध्ये आम्ही दोघं. ते स्टुलावर, मी जमिनीवर. डोकं वेगळं केलं, ते लगद्याचंच राहणार होतं. भोंग्याचे हात स्क्रूने काढता येतील असे केले, कारण चिकटलेले हात वाळूत अडकतात. धडाच्या बाजूंना आणखी जरा उतार दिला, म्हणजे पॅटर्न वाळूतून निघताना साचा मोडत नाही. पोट पोकळ राहावं म्हणून आत बसणारा वाळूचा गाभा पाडायची वेगळी पेटी केली. कोपऱ्यांत मेण भरलं, व्हार्निशचे चार हात दिले. बाबांना ते नीट दिसत नव्हतं. ते बोटाने बघायचे आणि म्हणायचे, “पुन्हा.” कधीकधी दिवसभराच्या कामावर एवढाच शब्द. मी चिडायचे. ते म्हणायचे, “फेक मग.” मी पुन्हा करायचे.

पाचव्या आठवड्यात पॅटर्न लोणी काळभोरला पाठवायचा ठरला. तिथे मच्छिंद्रची छोटी फाउंड्री आहे. तो एकेकाळी बाबांच्या हाताखाली होता. मी फोन केला तर म्हणाला, “म्हातारं हाय अजून? मंग पैशाचं काढू नका. निस्तं पाठवून द्या.” मी ऑफिसात असताना बाबांनी सोनालीला हाताशी धरून पॅटर्न गुंडाळला आणि सोनाली गाडीतून देऊन आली.

दहा दिवसांनी बिडाचं धड आलं. पावणेआठ किलो. काळंकरडं, गार, हातात घेतलं की खांद्याला कळायचं.

पुन्हा रविवार, पुन्हा मटण, पुन्हा पट. तोवर बाबांच्या नजरेतला मधला भाग बराच गेला होता. धम्मदीपने मला भोंगा उचलायला मदत करू का विचारलं. मी म्हटलं, बस खाली. ठेवण्याआधी तळाची माती पुसावी म्हणून मी धड आडवं केलं, आणि तिथे आकडे दिसले. ठोकून उठवलेले, स्वच्छ. ४१८.

शॉपमध्ये प्रत्येक पॅटर्नवर करणाऱ्याचा नंबर ठोकायचे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबांचा नंबर ४१७. तो त्यांच्या डब्यावर होता, छत्रीवर होता, आमच्या पाटावरसुद्धा होता.

“बाबा, नंबर चुकलाय,” मी म्हटलं. “तुमचा चारशे सतरा.”

“माझा माझ्याकडे आहे,” बाबा म्हणाले. “हा मी कुठे केला? हा ज्यानं केला त्याचा नंबर आहे. माझ्या पुढचा.”

मी दोन्ही हातांनी धड सरळ केलं आणि भोकावर धरून सोडलं. ते हवेला बाजूला सारत सावकाश खाली गेलं आणि बसलं. बाबा पुढे वाकले. त्यांनी अंगठ्याचं नख काठाच्या फटीत घातलं आणि पूर्ण गोल फिरवलं, एकदा, मग उलट एकदा.

“पुन्हा करायला नको,” ते म्हणाले.

मी वर डोकं बसवलं. सोनालीने सोंगट्या वाटल्या. कोळसे वाटांवर मांडले, त्यातले दोन धम्मदीपने गुपचूप खिशात घातले. मी बघितलं. म्हणाला, “आईचे आहेत.” भोंग्याचा फासा मी सवयीने बाबांच्या हातात ठेवला. त्यांनी तो चाचपला आणि माझ्याकडे परत सरकवला.

“मला सोंगटी दे. भोंगा ज्यानं केला त्यानं खेळायचा.”

“पण भोंगा तुम्हीच खेळायचात.”

“मी केला होता म्हणून.”

चौथ्या फेरीला मला सहा पडले. आता वाजायचं. मी नुसती फाशाकडे बघत राहिले. सगळे थांबले. बाबा हातात सोंगटी घेऊन बसले होते. मान तिरकी, नजर पटाच्या कडेला, म्हणजे माझ्याकडेच.

“वाजव की,” ते म्हणाले. “माणसं घरी जायची थांबलीत.”

मी छाती भरून श्वास घेतला आणि वाजले. वारज्याच्या त्या पाचव्या मजल्यावर “भोंऽऽ” असं इतकं वाजले की शेजारच्या विमलाबाईंनी भिंतीवर थाप मारली. बाबांनी आपली सोंगटी बोटांनी शोधत शोधत घरी नेऊन ठेवली आणि म्हणाले, “हं. आता कसं रविवारसारखं वाटलं.”